व्हिटॅमिन डी नऊवर, आणि आईच्या टाचेवर काळा डाग

वाचकाचं पत्र:

मी ४२ वर्षांची, पुण्यात शाळेत शिकवते. गेले काही महिने कंबर आणि पिंढऱ्या दुखतात, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ९ निघालं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटच्या पुड्या दिल्या आहेत, आठवड्याला एक, आठ आठवडे. पहिली कालच घेतली. पूर्वी मला मुतखडा झाला होता, ते त्यांना सांगायचं राहून गेलं. गालांवर वांग आहेत म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी रोज सनस्क्रीन लावायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, सकाळच्या कोवळ्या उन्हात बस, पुड्याबिड्या काही नकोत. भाऊ ब्रिस्बेनला असतो. तो म्हणतो, उन्हात फिरूच नकोस, इथे स्किन कॅन्सर घरोघरी आहे. आणि त्यानेच ५,००० युनिटच्या गोळ्यांची बाटली पाठवली आहे. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर आलं की डी कमी असलं की त्वचेचा कॅन्सर होतो. मग मी ऊन घेऊ की टाळू? जाता जाता एक: आईच्या टाचेवर दीडेक वर्षापासून काळा डाग आहे. ती ६७ वर्षांची, साताऱ्याजवळ गावी असते. डाग मसुराएवढा होता, आता वाटाण्याहून मोठा दिसतो. दुखत नाही. ती कुरूप समजून कॉर्नकॅप लावते. त्याचा डीशी काही संबंध असेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर:

ताई, तुम्ही जे ‘जाता जाता’ लिहिलंत तेच आधी घेऊ. बाकीच्या प्रश्नांना आठवडाभराची सवड आहे, याला नाही.

आईच्या डागाचा डीशी संबंध नाही, आणि उन्हाशीही नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, मुळात फार कमी होतो. पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. तळपायावरचे बहुतेक काळे ठिपके साधे तीळच असतात, तेव्हा घाबरून जाण्याचं कारण नाही. पण रंग काळा, वय साठीच्या पुढे, डाग नंतर उगवलेला आणि वाढत चाललेला, हे सगळं एकत्र आलं की वाट बघायची नसते.

कुरूप काळं नसतं. ते पिवळट, कडक, दाब पडतो तिथे येतं आणि वरून दाबलं की दुखतं. चपलेच्या दाबाने किंवा ठेच लागून टाचेच्या कातडीत रक्त साकळतं, तेही काळं दिसतं. पण कातडी वाढते तसं ते वर सरकतं आणि काही आठवड्यांत निघून जातं. दीड वर्ष राहून मोठं होत नाही.

कॉर्नकॅप आजपासून बंद. तिच्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते वरची कातडी सोलून काढतं. डागाचा रंग फिका होतो, जखम होते, आणि डॉक्टरांना खरं काय होतं ते ओळखणं अवघड जातं. त्याच कारणासाठी डाग पार्लरमध्ये जाळून घेणं, कुणाकडून ब्लेडने कापून घेणं किंवा तपासणीआधी लेझर मारणं नको. वरचा काळा भाग जातो, खालचा राहतो, आणि तपासायला तुकडा उरत नाही.

आज आईला किंवा शेजारच्या कुणाला सांगून डागाचा फोटो काढून घ्या: शेजारी पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. डाग ७ मिलिमीटरच्या वर भरला तर नुसतं लक्ष ठेवण्याऐवजी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करण्याकडे कल असतो, आणि वाटाणा साधारण तेवढाच असतो. याच आठवड्यात त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. साताऱ्यात सोय झाली तर उत्तम, नाहीतर पुण्यात ससूनची त्वचारोग ओपीडी आहे. डॉक्टर डर्मोस्कोप लावतील, म्हणजे दिवा असलेलं दहापट मोठं दाखवणारं भिंग. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. रंग त्या रेघांमधल्या चरांत बसला असेल तर बहुधा साधा तीळ. रंग चरांमधल्या उंचवट्यांवर पसरला असेल तर संशय.

संशय आला तर जागा बधिर करून अख्खा डाग, कडेची थोडी चांगली कातडी घेऊन, पूर्ण खोलीपर्यंत काढतात आणि हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवतात. डाग मोठा असेल तर सगळ्यांत जाड किंवा काळ्या भागातून तुकडा घेतात. नुसतं वरवर खरवडून घेणार नाही ना, हे डॉक्टरांशी आधीच स्पष्ट बोलून घ्या. कारण मेलानोमाच निघाला तर पुढचं सगळं तो किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर ठरतं, आणि खरवडलेल्या तुकड्यात खोली मोजता येत नाही. एक मिलिमीटरच्या आत सापडला तर भोवतालची साधारण सेंटिमीटरभर कातडी काढून बहुतेक वेळा काम भागतं. गावी कुणीतरी म्हणेलच की चाकू लावला की कॅन्सर पसरतो. तसं होत नाही; पसरतो तो वाट बघण्याने.

त्याच भेटीत आईच्या हातापायांची नखंही दाखवा. सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांवर उभ्या तपकिरी रेघा असतात, त्यांचं काही नाही. एकाच नखावर, विशेषतः अंगठ्याच्या, ३ मिलिमीटरहून रुंद, वाढणारी किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलेली काळी पट्टी मात्र दाखवायला हवी. अजून दोन जागा आपल्याकडे हमखास राहून जातात. एक, जुना भाजल्याचा व्रण, जो वर्षानुवर्षांनी पुन्हा फुटतो आणि भरत नाही. दुसरी, कंबर. टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतर घट्ट बांधण्याच्या जागी होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती, आणि परकराच्या नाडीखाली होणारा तसाच कॅन्सर पुढेही नोंदला गेला आहे. नाडीच्या जागी काळवंडलेली, खपली धरणारी कातडी असेल तर नाडी रुंद आणि सैल करा. जखम झाली आणि महिना-दीड महिन्यात भरली नाही तर बायोप्सी. असे रुग्ण थोडे असतात, पण तपासायला अर्धा मिनिट लागतो.

आता ग्रुपवरच्या मजकुराकडे. त्यात खरेपणाचा एक कण आहे. त्वचेच्या पेशींत व्हिटॅमिन डीचे ग्राही, म्हणजे डीला पकडणारे रेणू, असतात, आणि प्रयोगशाळेत डी दिलं की पेशींची बेसुमार वाढ मंदावते. मेलानोमा झालेल्या ज्या लोकांचं डी निदानाच्या वेळी कमी होतं त्यांच्यात गाठ जास्त जाड असल्याचंही अनेक पाहण्यांत दिसलं. यावरून डी कमी, म्हणून कॅन्सर, अशी उडी मारली गेली. पण डी इतर कारणांनीही कमी भरतं: वजन जास्त, वय जास्त, आजारपण, घराबाहेर न पडणं. यातली कितीतरी कारणं त्या आजारी माणसांतही होती. कमी डी हे तिथे बहुधा खूण म्हणून आहे, कारण म्हणून नाही.

गंमत म्हणजे गोऱ्या लोकांत मेलानोमा सोडून त्वचेचे जे दोन नेहमीचे कॅन्सर आहेत त्यांत चित्र उलटं दिसतं. ज्यांचं डी जास्त त्यांना हे कॅन्सर जास्त. डीमुळे कॅन्सर होतो असा याचाही अर्थ नाही. जास्त ऊन खाल्लं की डीही वाढतं आणि कॅन्सरही.

मग डी देऊन कॅन्सर कमी होतो का, हे बघण्याचा सरळ मार्ग म्हणजे निम्म्यांना डी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. असा एक मोठा प्रयोग तुमच्या भावाच्याच शहरातल्या संशोधन संस्थेने केला. डी-हेल्थ त्याचं नाव. ऑस्ट्रेलियातल्या साठीच्या पुढच्या २१,३१५ लोकांना पाच वर्षं दर महिन्याला ६०,००० युनिट डी किंवा खोटी गोळी दिली. त्वचेचे नेहमीचे कॅन्सर डी घेणाऱ्यांत कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या व्हायटल प्रयोगात २५,८७१ लोक होते, रोज २,००० युनिट. तिथेही नव्याने होणारे एकूण कॅन्सर घटले नाहीत. तेव्हा तुमचं ९ सुधारायचं ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. उठताना लागणारा टेकू त्याचंच लक्षण असू शकतो. कॅन्सर टाळायला म्हणून कुणी पुड्या घेत असेल तर तो फायदा त्यांतून मिळत नाही.

ऊन घेऊ की टाळू? त्वचेत डी तयार करणारे आणि पेशींच्या डीएनएला इजा करणारे किरण एकच: अतिनील ब (यूव्हीबी). त्यामुळे फायद्याचं ऊन आणि तोट्याचं ऊन अशी वाटणी करता येत नाही. फरक मात्र एका गोष्टीत आहे. थोडं ऊन लागल्यावर त्वचेतलं डीचं पूर्वरूप एका पातळीला पोचून थांबतं. पुढच्या उन्हात ते निरुपयोगी पदार्थांत बदलत राहतं. डीएनएची इजा मात्र थांबत नाही, मिनिटागणिक साठते. म्हणून रविवारी गच्चीवर दोन तास पडून राहण्यापेक्षा आठवड्यातून चार वेळा थोडा-थोडा वेळ बरा.

सासूबाईंचं कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, फिरणंही होतं, पण सात वाजता डी जवळजवळ मिळत नाही. सूर्य तिरपा असतो, किरणांना वातावरणाचा जास्त थर ओलांडावा लागतो आणि अतिनील ब ओझोनमध्येच शोषला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच डी नीट बनतं. पुण्यात सूर्य साडेबाराच्या सुमाराला सर्वांत वर येतो. डिसेंबरात भर दुपारीही सावली उंचीपेक्षा जेमतेम आखूड होते, म्हणजे हाताशी तास-दोन तासच असतात. एप्रिल-मेमध्ये साडेनऊ-दहालाच सावली आखडते; तेव्हा भर दुपारी जाऊन ऊन लावून घेऊ नका, दहाच्या सुमाराला उरका. सावळ्या त्वचेला उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं आणि हिवाळ्यात पंचवीस-तीस मिनिटं हा कामचलाऊ अंदाज धरा. त्वचा लाल होण्याच्या किंवा चुरचुरण्याच्या आत सावलीत यायचं.

काय उघडं ठेवायचं यात तुमचा वांगांचा प्रश्नही सुटतो. कोपरापासून बोटांपर्यंत हात आणि गुडघ्याखालचे पाय मिळून अंगाचं जवळपास पाव क्षेत्रफळ होतं. चेहऱ्याचा वाटा त्यापुढे अगदी थोडा, आणि वांग तिथेच वाढतात. चेहऱ्याला सनस्क्रीन आणि टोपी किंवा ओढणीची सावली, हातपाय उघडे. शाळेच्या मधल्या सुट्टीत मैदानावर ड्युटी असेल तर तीच वेळ वापरा. बंद काचेच्या खिडकीशी बसून मात्र काही होत नाही. काच अतिनील ब अडवते आणि अतिनील अ आत येऊ देते, म्हणजे डी शून्य आणि वांगांना खतपाणी.

सनस्क्रीनने डी कमी होतं ही भीती कागदावर बरोबर आहे, कारण एसपीएफ ३० नीट लावलं तर ते अतिनील ब ९७ टक्के अडवतं. पण ‘नीट’ म्हणजे चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम: चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे दोन पट्टे. बहुतेक जण त्याच्या निम्म्याहून कमी लावतात आणि अंगाच्या उरलेल्या भागाला लावतच नाहीत. तुमचं ९ काही चेहऱ्यावरच्या सनस्क्रीनमुळे झालेलं नाही. ते दिवसभर छपराखाली असण्याने, रंगाने आणि आहारात डी नसण्याने झालं आहे. वांगांसाठी रंग मिसळलेलं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन मागा. वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही.

भावाचं त्याच्या जागी बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात तीनपैकी दोन माणसांना सत्तरीच्या आत त्वचेचा कुठला तरी कॅन्सर होतो, आणि क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावून घेतलं तेव्हा त्यातला एक प्रकार सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. पण ती माणसं गोरी. तुमच्या त्वचेतलं मेलॅनिन बरंच संरक्षण घरबसल्या देतं. भावालाही ते लागू आहे, त्याने सांगितलेलं ऐकावं ते दुपारच्या समुद्रकिनाऱ्यासाठी. अपवाद फक्त काही: अंगाला रंगच नसलेले, म्हणजे अल्बिनिझम असलेले लोक, आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. त्यांनी डी गोळीतूनच घ्यावं, उन्हातून नाही.

आता पुड्या. दुसरी पुडी फोडण्याआधी मुतखड्याचं डॉक्टरांना फोन करून सांगा आणि रक्ताच्या या तपासण्या करून घ्या: कॅल्शियम (अल्ब्युमिनसह), फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन). कारण असं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असतील तर त्या हाडांतून कॅल्शियम ओढतात म्हणून अंग दुखतं, मुतखडे होतात, आणि डीही कमी भरतं. तिन्ही गोष्टी तुमच्या पत्रात आहेत. कॅल्शियम वाढलेलं असेल तर आठवडी ६०,००० घेणं धोक्याचं, आधी एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा. कॅल्शियम नॉर्मल असेल तर पुड्या थांबवायचं कारण नसतं.

नॉर्मल निघालं तर: पुडी भरल्यापोटी, दुपारच्या सर्वांत मोठ्या जेवणानंतर, साईच्या दुधात ढवळून. डी चरबीत विरघळतं. पाण्यातून, रिकाम्यापोटी घेतलं तर कमी शोषलं जातं. आठवड्याचा एक वार ठरवा आणि प्रत्येक पुडीवर पेनने तारीख टाका. ही तारीख टाकणं फालतू वाटतं, पण याच जागी लोक घात करून घेतात. ‘आठवड्याला’ हे ‘रोज’ असं वाचलं जातं, किंवा बरं वाटतंय म्हणून आठ आठवड्यांनंतरही दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने चालू राहतं. मग भूक मरते, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, गोंधळल्यासारखं होणं, आणि किडनीला इजा. साठलेलं डी उतरायला आठवडे ते महिने लागतात. एक पुडी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, दोन एकदम नको. सहा लाख युनिटचं एकदाच इंजेक्शन घेऊन मोकळं व्हा असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले तेव्हा त्या जास्त पडल्या आणि जास्त हाडं मोडली.

भावाची बाटली कपाटात ठेवा. आठ पुड्यांनंतर महिन्याला एक पुडी हा नेहमीचा पुढचा डोस, म्हणजे सरासरी रोज २,००० युनिट. त्यावर रोजचे ५,००० चढवले की ७,००० होतात, आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जायचं नसतं. निरोगी माणसाची गरज तर ६०० युनिटची आहे.

कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. अमेरिकेत ३६,००० हून जास्त स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी दिलं, तेव्हा त्यांच्यात मुतखडे थोडे वाढले. अन्नातलं कॅल्शियम मात्र खडे वाढवत नाही, उलट खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधतं. पावशेर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम, नाचणीच्या एका मोठ्या भाकरीत २०० च्या आसपास, वर वाटीभर दही. पाणी एवढं प्या की दिवसाची लघवी अडीच लिटरपर्यंत जाईल. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली यांत डी खरोखर असतं. शाकाहारात ते जवळपास नसतंच, म्हणून दूध-तेल घेताना ‘+एफ’ खुणेचं, डी मिसळलेलं घ्या.

पुन्हा तपासणी पहिल्या पुडीपासून तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तीन दिवस आधी बंद करा, काही यंत्रांवर त्यांनी डी खोटंच जास्त दिसतं. आकडा २० च्या वर गेला की हाडांपुरतं भागतं. ३० च्या खाली लाल खूण दिसली म्हणून धावायला नको. ३० चा निकष हार्मोनच्या डॉक्टरांच्या एंडोक्राइन सोसायटी या संघटनेने २०११ मध्ये दिला होता आणि २०२४ मध्ये सोडून दिला. सगळ्या पुड्या नीट घेऊनही आकडा १५ च्या आतच राहिला तर डोस वाढवण्याआधी दोन गोष्टी बघायला सांगा: फिटची वगैरे काही औषधं चालू आहेत का, कारण काही औषधं डी झपाट्याने मोडतात, आणि गव्हाच्या ग्लुटेनने होणारा सीलिएक आजार आहे का, कारण त्यात आतडं डी शोषतच नाही. त्याची टीटीजी नावाची रक्ततपासणी आहे, आणि ती होईपर्यंत पोळी खाणं सोडू नका, नाहीतर तीच तपासणी खोटी नॉर्मल येईल.